वाचकांचे प्रश्न : गारठ्यात मोटारसायकल चालवताना हात उबदार कसे ठेवावेत?

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार पुन्हापुन्हा दिसते. अंगात जाड जर्किन आहे, डोक्यावर हेल्मेट आहे, पण मोटारसायकलवर पंधरा-वीस मिनिटे होत नाहीत तोच बोटे बधीर होतात. या वेळी त्यांपैकी काही पत्रे निवडली आहेत. हा प्रश्न निव्वळ सुखसोयीचा आहे असे मी मानत नाही. पुढचा ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, इंडिकेटर, हॉर्न ही सगळी कामे हाताच्या बोटांकडे असतात, आणि ज्या बोटांना लिव्हरवरचा दाब कळत नाही त्यांच्या भरवशावर गाडी चालवणे धोक्याचे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. गारठलेल्या बोटांनी ब्रेक धरायला अर्ध्या सेकंदाचा उशीर केला, तरी थांबण्याचे अंतर आठ मीटरांहून अधिक वाढते.

प्रश्न : मी रोज पहाटे पाऊण तास मोटारसायकल चालवतो. आधी साधे हातमोजे होते, मग जाड घेतले, गेल्या महिन्यात त्याहून जाड घेतले. तरीही वीस मिनिटांनी बोटांची टोके दुखू लागतात आणि नंतर काही जाणवेनासे होते. याहून जाड हातमोजे घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नयेत. आपला पैसा आणि प्रयत्न दोन्ही चुकीच्या जागी खर्च होत आहेत असे मला वाटते, आणि याच चुकीतून मी स्वतःही गेलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हातमोजा ऊब निर्माण करत नाही. हातात जी ऊब आहे ती फक्त राखून ठेवतो. ही ऊब येते रक्तातून. हाताची पकड घट्ट करणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात. बोटांत येतात त्या स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या, दोऱ्यांसारख्या कंडरा. म्हणजे बोटांकडे स्वतःची उष्णता जवळजवळ नसतेच, आणि आकाराने ती बारीक व लांबट असल्यामुळे उष्णता गमावायला त्यांचा पृष्ठभाग मात्र भरपूर असतो. त्यात शरीराचा स्वभाव असा, की छाती आणि पोट गार पडू लागले की हृदय, मेंदू अशा महत्त्वाच्या अवयवांची ऊब टिकवण्यासाठी ते हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटांकडे जाणारे रक्त कमी झाले, की हातमोज्याचे अस्तर कितीही जाड असले तरी त्याच्या आत राखून ठेवण्यासारखे काही उरत नाही. म्हणून हात गार पडतात तेव्हा मी प्रथम विचारतो : छातीवर काय घातले आहे, आणि गळ्याशी फट आहे का?

आपण एक प्रयोग करून पाहावा. सध्याचेच हातमोजे ठेवावेत, पण जर्किनच्या आत वारा न शिरू देणारा आणखी एक पातळ थर घालावा, गळ्याभोवती मऊ पट्टा गुंडाळून हेल्मेट आणि कॉलर यांमधली फट बंद करावी, आणि मनगटावर लोकरीचा पट्टा चढवावा. मनगटापाशी नाडी हाताला लागते ती तिथली धमनी त्वचेच्या अगदी जवळ असते म्हणून. बाही आणि हातमोजा यांच्यामधल्या दोन बोटे रुंदीच्या उघड्या पट्टीतून बोटांकडे निघालेले रक्त वाटेतच गार होते. जवळ काहीच नसेल तर वर्तमानपत्राची चार-पाच पाने जर्किनच्या आत छातीवर पसरली तरी वारा बऱ्यापैकी अडतो. हा सायकलस्वारांचा जुना उपाय आहे.

दुसरे कारण वारा. वाऱ्यामुळे थंडी किती अधिक भासते याचे पहिले पद्धतशीर मोजमाप पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकावर केले. उघड्यावर टांगलेल्या भांड्यातले पाणी गोठायला वेगवेगळ्या वाऱ्यांत किती वेळ लागतो हे त्यांनी पाहिले, आणि ते काम १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्राप्रमाणे हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस आणि वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी साधारण ५ अंशांसारखी लागते. तापमान ५ अंश असेल तर ती शून्याखाली २ अंशांसारखी लागते. हे सूत्र चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी बसवलेले आहे, त्यामुळे मोटारसायकलस्वाराच्या हाताला ते तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय वाऱ्याने कोणतीही कोरडी वस्तू हवेच्या तापमानाहून गार होत नाही, ती फक्त लवकर गार होते. तरीही त्यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. आपली गाडी आणि तिचा वेग हाच आपला वारा आहे, आणि गाडीवर त्या वाऱ्याच्या अगदी तोंडाशी असतात ते हात. तो हाताबाहेरच, हँडलपाशी अडवला, तर मध्यम जाडीचा हातमोजा पुरतो. त्यासाठी हँडगार्ड, म्हणजे हातापुढे बसवायची कडक ढाल, किंवा हँडलच्या मुठींवरची आवरणे लागतात. त्यांच्याविषयी पुढच्या एका पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

आता जाडीविषयी. अस्तराची ऊब त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. हातमोजा घट्ट झाला की ती हवा दाबली जाते आणि बोटांतला रक्तप्रवाहही अडतो. दुकानात नुसता हात सरळ ठेवून हातमोजा बसतो की नाही ते पाहू नये. मूठ वळून, एखादा दांडा धरून पाहावे, कारण गाडीवर हात त्याच स्थितीत राहणार असतो. मूठ वळल्यावर बोटांची टोके पुढच्या शिवणीला टेकत असतील तर एक माप मोठे घ्यावे. आत रेशमी किंवा बारीक लोकरीचा पातळ मोजा घालण्याइतकी जागा राहिली तर उत्तमच. सुती अस्तर टाळावे, कारण ते घाम शोषून ओले राहते. फार जाड हातमोज्याचा आणखी एक तोटा असा, की मूठ धरायलाच जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे कोपराखालचे स्नायू थकतात आणि लिव्हरची जाणीव हरवते. माझ्या जाड हातमोज्यांच्या दिवसांत एकदा मला पुढचा ब्रेक किती दाबला आहे हेच कळेना, आणि चाक घसरल्यावरच ते कळले. सुदैवाने रस्ता मोकळा होता. त्यानंतर मी ते हातमोजे पुन्हा घातले नाहीत.

आणखी एक साधी सवय लावून घ्यावी. हातमोजे घरात, हात गरम असतानाच चढवावेत, आणि ते रात्रभर गाडीवर किंवा डिकीत ठेवू नयेत. बाहेर राहिलेला हातमोजा गार तर असतोच, शिवाय दमटही असतो, आणि पहिली दहा मिनिटे तो आपल्या हाताचीच ऊब खातो. गाडी चालवताना मूठ गरजेपुरतीच घट्ट धरावी, कारण आवळून धरलेल्या मुठीतून रक्त बाहेर दाबले जाते.

प्रश्न : मुठींत बसवायचे विजेचे हीटर घ्यावेत की विजेवर गरम होणारे हातमोजे? माझी गाडी लहान इंजिनाची आहे. बॅटरी उतरेल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती अगदीच निराधार नाही, पण हिशेब करून ती दूर करता येते. गरम मुठींच्या जोडीला साधारण ३० ते ५० वॉट लागतात. बारा व्होल्टच्या गाडीत ३६ वॉट म्हणजे ३ अँपिअर. मोठ्या प्रवासी मोटारसायकलींचे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारी यंत्रे, कित्येकशे वॉट देतात, त्यांना हे जाणवतही नाही. लहान गाड्यांत मात्र एकूण वीजनिर्मितीच शंभर-दोनशे वॉटच्या आसपास असते, आणि तीही इंजिन वेगात फिरत असताना. त्यातून हेडलाइट, इग्निशन आणि बॅटरीचे चार्जिंग वजा केल्यावर हाती थोडेच उरते. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत अल्टरनेटरचा आकडा पाहावा आणि मग मल्टिमीटर हे विजेचा दाब मोजणारे उपकरण घेऊन बॅटरीवर मोजावे. इंजिन मध्यम वेगात, हेडलाइट आणि हीटर दोन्ही चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर काळजी नाही. आकडा तेराच्या खाली राहत असेल तर बॅटरी भरण्याऐवजी हळूहळू रिकामी होत आहे असे समजावे. गर्दीत गाडी नुसती उभी राहून फटफटत असेल तेव्हा हीटर बंद ठेवणे किंवा कमी पातळीवर आणणे लहान गाडीला आवश्यक आहे. जोडणी थेट बॅटरीवर न करता किल्लीवर चालणाऱ्या रिलेतून, म्हणजे किल्ली बंद केली की वीज तोडणाऱ्या स्विचमधून, आणि योग्य फ्यूज घालून करून घ्यावी. थेट जोडणीत हीटर रात्रभर चालू राहिला, की सकाळी गाडी चालू होत नाही.

निवडीचे म्हणाल, तर दोन्हींची ऊब वेगळ्या बाजूने येते. गरम मूठ तळहात आणि बोटांची आतली बाजू तापवते. वारा मात्र बोटांच्या पाठीवर आदळतो. त्यामुळे नुसत्या गरम मुठी घेतलेले कित्येक लोक सांगतात, की तळहात भाजतो आहे आणि बोटे गारच आहेत. गरम मुठींना हँडगार्डची जोड दिली तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. त्यांच्याबरोबर तळव्याला पातळ आणि पाठीला जाड असे हातमोजे घालावेत, कारण तळव्याकडचे जाड अस्तर हीटरची उष्णताही अडवते. डावी मूठ उजवीपेक्षा कमी तापते अशी तक्रार काहीजण करतात, पण तो प्रत्येक वेळी बिघाड नसतो. उजवी मूठ अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लास्टिक नळीवर बसलेली असते, ती उष्णता धरून ठेवते. डावी थेट धातूच्या दांड्यावर असते आणि तो दांडा उष्णता ओढून घेतो. मूठ बसवताना मधे उष्णतारोधक थर घातल्यास फरक कमी होतो. आणखी एक काळजी घ्यावी. उजव्या मुठीची वायर इतकी सैल असावी, की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडला तर तो स्वतःहून झटकन मागे यावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ही तपासणी करावी.

गरम हातमोज्यांत तारा बोटांच्या पाठीवरून नेलेल्या असतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत ते अधिक उपयोगी ठरतात. स्वतःच्या लिथियम बॅटरीवर चालणारे हातमोजे पूर्ण पातळीवर फार तर दोन-तीन तास टिकतात, आणि या बॅटऱ्या शून्य अंशाखालच्या तापमानात चार्ज करू नयेत. रोज पाऊण-एक तासाचा प्रवास असेल तर तेवढे पुरते. लहान इंजिनाच्या गाडीसाठी मी आपल्याला हेच सुचवेन, कारण त्यात गाडीच्या विजेवर कोणताही भार पडत नाही.

प्रश्न : मुठी आणि लिव्हर दोन्ही झाकणारी, पिशवीसारखी आवरणे मी लावली आहेत. हात खरोखर उबदार राहतात, पण घरचे म्हणतात की त्यांत हात अडकेल आणि अपघात होईल. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : आवरणांइतका स्वस्त आणि गुणकारी दुसरा उपाय मला माहीत नाही. सामान पोहोचवण्यासाठी दिवसभर गाडीवर असणारे लोक तीच वापरतात, त्यामागे अनुभव आहे. घरच्यांची काळजी मात्र रास्त आहे, आणि ती तपासणीने दूर करावी.

उभ्या गाडीवर बसून, डोळे मिटून, हात दहा-वीस वेळा आत घालून बाहेर काढावेत. प्रत्येक वेळी बोटे थेट ब्रेकवर पडली पाहिजेत. इंडिकेटर, हॉर्न आणि दिव्याचे बटण न पाहता सापडले पाहिजे. आवरणाचे तोंड इतके रुंद आणि ताठ असावे, की हात बाहेर काढल्यावर ते मिटणार नाही. सर्वांत मोठा धोका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मऊ कापडाचे आवरण वेगात वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि लिव्हरवर दाबते. क्लच किंचित दाबलेला राहिला तर क्लच प्लेटा झिजतात. पुढचा ब्रेक किंचित लागलेला राहिला तर डिस्क तापते आणि मागचा दिवा सतत पेटलेला राहतो, म्हणजे आपण खरोखर ब्रेक लावल्याचे मागच्याला कळतच नाही. म्हणून लिव्हरच्या पुढे कडक हँडगार्ड आणि त्याच्यावर आवरण ही रचना सर्वांत सुरक्षित. आत ताठ प्लास्टिकचा पत्रा शिवलेली आवरणे मिळतात, तीही चालतील. आत हातमोजे घालायचेच आहेत, पण पातळ. पडल्यावर हात सोलवटू नये यासाठी ते लागतात. निघण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाहण्याची सवय इथेही ठेवावी.

प्रश्न : पावसाळी थंडीत हातमोजे भिजले की काय करावे? आणि बाही हातमोज्याच्या आत घालावी की बाहेर?

उत्तर : पाणी हवेच्या सुमारे वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, आणि बाष्पीभवन होताना ते आणखी उष्णता घेते. भिजलेला हातमोजा वाऱ्यात धरणे म्हणजे हात मुद्दाम गार करणेच. ज्या हातमोज्यांत पाणी अडवणारा पडदा आतल्या थरात असतो, त्यांचे बाहेरचे चामडे किंवा कापड भिजू शकते, आणि मग पाणी आत न येताही हात गार पडतो. अशा हातमोज्यांवर पाणी घसरून जाईल असा लेप वरचेवर द्यावा, किंवा वरून रबरी वा प्लास्टिकचा सैल मोजा चढवावा. पकड घसरत नाही ना, हे आधी पाहावे.

हातमोज्याच्या आत पातळ रबरी मोजा घालण्याची युक्ती बरेच जण सांगतात. वारा आणि पाणी त्याने अडते, पण घामही आत कोंडतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासापुरतीच ती बरी. हातमोज्यांचा दुसरा, राखीव जोड कोरड्या पिशवीत बरोबर ठेवणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. बाहीबाबत सांगायचे, तर कोरड्या थंडीत लांब मनगटपट्टीचा हातमोजा बाहीच्या वर यावा, म्हणजे वारा बाहीत शिरत नाही. पावसात हात कोपरापेक्षा खाली असेल तर बाही वर असावी, नाहीतर बाहीवरून ओघळणारे पाणी थेट हातमोज्यात जमा होते.

प्रश्न : हलवल्यावर गरम होणाऱ्या पुड्या हातमोज्यात घालाव्यात का? आणि थांबल्यावर इंजिनावर हात शेकणे योग्य आहे का?

उत्तर : पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी आणि कोळशाची भुकटी असते, लोखंड गंजताना उष्णता सुटते. गंजण्यासाठी प्राणवायू लागतो, म्हणून हवाबंद हातमोज्यात ती लवकर थंडावते. ती हाताच्या पाठीवर, आतला मोजा आणि बाहेरचा हातमोजा यांच्यामध्ये ठेवावी. तळहातावर ठेवली तर पकड बिघडते. थेट त्वचेवर कधीच ठेवू नये. बधीर त्वचेला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच ध्यानात येते.

इंजिनाबाबतही हीच भीती आहे. सायलेन्सरला टेकलेला कृत्रिम धाग्याचा हातमोजा वितळून त्वचेला चिकटतो. त्यापेक्षा गाडीवरून उतरून दोन्ही हात खांद्यापासून मोठ्या वर्तुळात वीस-तीस वेळा जोराने फिरवावेत. रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकलले जाते आणि अंगही तापते. चालत्या गाडीवर एक हात सोडून इंजिनापाशी नेणारे लोक मी पाहिले आहेत. हे कृपया करू नये.

प्रश्न : थंडीत गाडी चालवली की माझी दोन-तीन बोटे एकदम पांढरीफटक पडतात, मग निळसर आणि घरी आल्यावर लाल होऊन ठणकतात. सोबत्यांना असे होत नाही. हातमोजे बदलून उपयोग होईल का?

उत्तर : हातमोजे बदलावेतच, पण आपण डॉक्टरांना दाखवावे असे मी आग्रहाने सांगतो. पांढरा, निळा आणि लाल या क्रमाने बोटांचे रंग बदलणे हे मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये वर्णन केलेल्या विकाराचे लक्षण आहे. त्यात थंडीला बोटांच्या रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर आकसतात. बऱ्याच जणांत तो निरुपद्रवी असतो, काहींत मात्र त्यामागे दुसरा आजार असतो, आणि तो तपासणीशिवाय कळत नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातली, हात गार पाडतात. आपण घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगावे, स्वतःहून बंद करू नयेत. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे प्रवासापूर्वीची सिगारेट आपल्याला विशेष त्रासाची ठरेल. कंपन करणारी हत्यारे वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या कामगारांनाही बोटे पांढरी पडण्याचा असाच त्रास होतो, तेव्हा आपले काम तसे असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. मुठींतून हातांना फार कंप जाणवत असेल तर हँडलच्या टोकांची वजने आणि मुठींचे रबर तपासून घ्यावे.

बोटे पांढरी पडली की गाडी बाजूला घेऊन थांबावे, हात काखेत धरावेत आणि जाणीव परत आल्यावरच निघावे. बधीर बोटे चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. घरी आल्यावर कोमट, म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ती बुडवून ठेवावीत. बधीर हाताला पाणी किती गरम आहे ते समजत नाही, म्हणून ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडून कोपर बुडवून तपासून घ्यावे. बोटांची त्वचा मेणासारखी टणक आणि पिवळट-पांढरी दिसत असेल किंवा नंतर फोड आले, तर तो हिमदंश असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पुन्हा थंडीत जायचे नाही अशी खात्री झाल्याशिवाय बोटे गरम करू नयेत, कारण एकदा विरघळलेली बोटे परत गोठली तर इजा कितीतरी वाढते. त्या दिवशी गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या वाहनाने थेट रुग्णालयात जावे.